ट्यूमची 796 मुलं: गावाने काय जपलं, काय गिळलं

डब्लिन रोडला लागून असलेल्या वसाहतीच्या मागे हिरवळीचा एक तुकडा होता. आयर्लंडच्या पश्चिम भागातल्या ट्यूम या गावातली ही गोष्ट. कोपऱ्यात मेरीमातेची छोटी मूर्ती, भोवती दगड रचून केलेली गुंफा, पुढे फुलझाडं. वसाहतीतलं एक जोडपं वर्षानुवर्षं तिथलं गवत कापत होतं, मूर्तीची निगा राखत होतं. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि त्याचे पैसेही मिळत नव्हते. या जमिनीखाली लहान मुलं आहेत, एवढं त्यांना माहीत होतं. किती, कुणाची, कधीची, हे त्यांना सांगता आलं नसतं.

या एका जागेबद्दल ट्यूममध्ये प्रत्येकाला थोडंथोडं ठाऊक होतं. ते सगळं एकत्र कोणी मांडलं नव्हतं. मांडायला एका शेतकऱ्याच्या घरातली, इतिहासाची पदवी नसलेली बाई पुढे आली, आणि तिने जे केलं त्याने देशाच्या पंतप्रधानांना संसदेत माफी मागावी लागली. गावाची आठवण कशी साठते, कशी दबते आणि कुणाच्या हातून वर येते, हे समजून घ्यायला यापेक्षा नेमकं प्रकरण माझ्या वाचनात नाही, म्हणून ते सविस्तर लिहितो आहे.

गाव आणि होम

गॉलवे शहरापासून ट्यूम साधारण 35 किलोमीटरवर आहे. वस्ती नऊ हजारांच्या आसपास. गाव लहान, पण मान मोठा, कारण कॅथलिक आर्चबिशपचं हे पीठ. कॅथलिकांचं कॅथेड्रल एकीकडे, प्रॉटेस्टंटांचं दुसरीकडे. 1934 मध्ये इथे बीटापासून साखर करणारा कारखाना सुरू झाला आणि तो 1980च्या दशकात बंद पडेपर्यंत आसपासच्या कित्येक घरांच्या चुली त्याच्यावर पेटल्या. कारखान्याच्या भोंग्यावर दिवस मोजणारं गाव म्हटलं की आपल्याकडच्या वाचकाला वेगळं सांगायला नको. आयरिश भाषेत गावाचं जुनं नाव ‘ट्यूम दा ग्वालन’, म्हणजे दोन खांद्यांसारखे उंचवटे असलेला दफनाचा ढिगारा. नाव फार प्राचीन आहे आणि या प्रकरणाशी त्याचा संबंध नाही. तरी एकदा अर्थ कळला की तो डोक्यातून जात नाही.

1840च्या दशकात बटाट्याच्या पिकावर रोग पडून आयर्लंडमध्ये महादुष्काळ आला. त्याच काळात ट्यूममध्ये वर्कहाउस उघडलं. वर्कहाउस म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात पोटापुरतं देणारी सरकारी कोठी. देश स्वतंत्र झाल्यावर काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, प्रशासनाच्या मालकीची ही इमारत 1925 मध्ये बॉन सकूर्स या नन्सच्या संस्थेकडे चालवायला दिली गेली. तिथे लग्नाआधी गरोदर राहिलेल्या मुली, त्यांची बाळं आणि इतर निराधार मुलं ठेवली जात. कागदावर ते ‘मदर अँड बेबी होम’ होतं. गावात त्याला नुसतं ‘होम’ म्हणत.

मुलगी पोटुशी आहे हे कळलं की घरचे आणि गावचा पाद्री मिळून तिला इथे आणून सोडत. बाळंतपणानंतर साधारण वर्षभर तिने बिनपगारी राबायचं: धुणं, फरशा, स्वयंपाक, दुसऱ्यांची बाळं सांभाळणं. वर्ष भरलं की तिने जायचं. बाळाने मात्र तिथेच राहायचं. पुढे काहींना दत्तक दिलं गेलं, काही समुद्रापार अमेरिकेत पोचली, काही पाच-सहा वर्षांची होईपर्यंत होममध्ये राहून मग एखाद्या शेतकऱ्याकडे ‘बोर्डिंग आउट’च्या नावाखाली ठेवली गेली. प्रशासन त्या कुटुंबाला मुलाच्या पोषणासाठी पैसे देई. कुठे माया मिळाली, कुठे पोर नुसतं गड्यासारखं राबवलं गेलं. देशात कायदेशीर दत्तकविधानच 1952च्या कायद्याने आलं, म्हणजे होम सुरू होऊन पाव शतक उलटल्यावर.

1944च्या एका तपासणी अहवालात त्या दिवशी होममध्ये 271 मुलं आणि 61 माता असल्याची नोंद आहे. जागा एवढ्यांसाठी नव्हती. त्याच अहवालात काही मुलांचं वर्णन खंगलेली, पोट पुढे आलेली असं आहे. तपासणारा येऊन गेला होता आणि त्याने ते लिहूनही ठेवलं होतं. होम त्यानंतर आणखी 17 वर्षं चाललं आणि 1961 मध्ये बंद झालं.

बुटांचा आवाज

कॅथरीन कॉर्लेस यांचा जन्म 1954चा, ट्यूममधलाच. होमची काही मुलं गावातल्या शाळेत येत, त्यांच्याच शाळेत. त्यांच्या आठवणीत पहिला येतो तो आवाज. होमच्या मुलांच्या पायांत नाल ठोकलेले जड बूट असत आणि रस्त्यावरून ओळीने येताना त्यांची खडखड लांबून ऐकू येई. ती मुलं बाकीच्यांपेक्षा थोडी उशिरा येत आणि थोडी लवकर निघत, म्हणजे वाटेत इतर पोरांशी गाठ पडायला नको. वर्गात ती मागच्या बाकांवर. त्यांच्याशी खेळायचं नाही, हे कुणी फळ्यावर लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं.

कॉर्लेस यांनी स्वतःची एक आठवण पुढे जाहीरपणे सांगितली आहे. वर्गातल्या एकीने केलेली खोडी पाहून त्यांनीही तसंच केलं. गोळीच्या चकचकीत कागदाची व्यवस्थित पुडी वळली आणि होमच्या एका लहान मुलीपुढे धरली. मुलीने हावरटासारखी ती घेतली, उघडली. आत गोळी नव्हती. तेव्हा त्यांना हसू आलं होतं. चाळीसेक वर्षांनी तीच मुलगी त्यांच्या मनात परत येऊन बसली: जिला बहुधा कधी गोळी मिळालीच नव्हती, तिच्याशी आपण हे केलं.

मला या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा पुरावा हाच वाटतो. बाकी दाखले, नकाशे, सांगाडे नंतर आले. शोध सुरू झाला तो एका मध्यमवयीन बाईला लहानपणचं आपलं वागणं डाचू लागलं म्हणून. आणखीही एक कारण होतं. आई गेल्यावर तिचे कागद शोधताना कॉर्लेस यांच्या लक्षात आलं की आईच्या जन्माच्या नोंदीत वडिलांचं नावच नाही. आईने जन्मभर माहेरचा विषय निघू दिला नव्हता, त्यामागची लाज त्यांना तेव्हा उमगली. होमच्या भिंतीआड जे होतं त्याचीच एक लहान सावली त्यांच्या स्वतःच्या घरात होती.

तीन खुलासे, तिन्ही अपुरे

होमची इमारत 1970च्या दशकात पाडली गेली आणि तिथे काउंटी प्रशासनाने बांधलेली कौन्सिलची घरं उभी राहिली. 1975च्या सुमारास तिथे खेळणाऱ्या दोन मुलांना काँक्रीटच्या एका लादीखाली पोकळी लागली. लादी सरकवली तर आत हाडं आणि लहान लहान कवट्या. पोरं घाबरून पळाली. मोठ्यांपर्यंत बातमी गेली, पाद्री आला, प्रार्थना झाली, खड्डा पुन्हा झाकला गेला. चौकशी काहीच झाली नाही. झालं ते इतकंच, की शेजाऱ्यांनी ती जागा जपायला घेतली.

गावाने स्वतःला तेव्हा जे खुलासे दिले ते समजून घेण्यासारखे आहेत, कारण ते अगदीच खोटे नव्हते. पहिला खुलासा दुष्काळाचा. वर्कहाउसचं आवार म्हटल्यावर हाडं दुष्काळातल्या लोकांची असणार, हे कुणालाही पटेल. आयर्लंडच्या या भागात जमीन उकरली तर दुष्काळाच्या खुणा निघतातच. दुसरा खुलासा बाप्तिस्मा न झालेल्या बाळांचा. बाप्तिस्म्याआधी मेलेल्या बाळाला पवित्र जमिनीत जागा नाही, असं चर्च सांगे. अशा बाळांना बाप किंवा काका रात्री गुपचूप कुठे बांधाला, पडक्या मठाशेजारी, समुद्रकाठी पुरून येत. या जागांना आयरिशमध्ये ‘किलीन’ म्हणतात आणि पश्चिम आयर्लंडभर त्या विखुरलेल्या आहेत. तिसरा खुलासा शब्दांत कुणी मांडला नाही, पण सगळ्यांनी पाळला: जाऊ दे, मेलेल्यांना शांत राहू दे.

दुष्काळाचं उत्तर जुळत नव्हतं कारण जिथे हाडं होती ती जागा पूर्वी वर्कहाउसच्या मैल्याच्या टाकीची होती. ती टाकी 1930च्या दशकात इमारत गावाच्या गटाराला जोडली जाईपर्यंत वापरात होती. वापरात असलेल्या टाकीत नव्वद वर्षांपूर्वीची हाडं कशी असतील? आणि बाप्तिस्म्याचं उत्तर जुळत नव्हतं कारण होममधल्या बाळांचा बाप्तिस्मा नन्स लगोलग उरकत. कॅथलिक मुलांना कॅथलिक दफनभूमीत जागा होती. ती त्यांना दिली गेली नव्हती. यातलं काहीही गुप्त नव्हतं. कुणीही दोन आणि दोन चार करू शकलं असतं.

चार युरोला एक दाखला

कॉर्लेस यांनी स्थानिक इतिहासाचा संध्याकाळचा एक अभ्यासक्रम केला होता. त्यातून ओल्ड ट्यूम सोसायटी या गावच्या इतिहास मंडळाच्या वार्षिकासाठी त्यांनी होमवर लेख लिहायला घेतला. आपल्याकडे तालुक्याच्या गावी निघतात तसाच हा अंक, गावच्या लोकांनी गावच्या लोकांसाठी काढलेला. ग्रंथालयात त्यांना फारसं काही सापडलं नाही. नन्सच्या संस्थेने कागद प्रशासनाकडे दिल्याचं सांगितलं, प्रशासनाकडून काही हाती लागेना. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारावं तर कुणी विषय बदले, कुणी सांगे की ती जागा मुलांच्या दफनाची आहे, पुढचं काही माहीत नाही.

मग त्यांनी साधी गोष्ट केली. गॉलवेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात फोन लावला आणि ‘होममध्ये मेलेल्या मुलांची यादी मिळेल का’ असं विचारलं. काही दिवसांनी तिथल्या कर्मचारी बाईंचा उलटा फोन आला. सगळीच नावं हवीत का, असं त्या विचारत होत्या, कारण ती शेकड्यांनी होती.

796. पहिला मृत्यू 1925 मधला, पाच महिन्यांच्या बाळाचा. शेवटचा 1960 मधला, तेही पाच महिन्यांचंच. मधल्या सगळ्या वर्षांचा हिशोब केला तर दर सोळा-सतरा दिवसांनी एक मूल गेलं. कारणांच्या रकान्यात गोवर, डांग्या खोकला, आकडी, अतिसार, फुप्फुसाचा दाह, क्षय, अशक्तपणा. एक साथ आली की एकाच आठवड्यात ओळीने नोंदी. प्रत्येक दाखल्याला चार युरो पडत होते आणि ते पैसे कॉर्लेस यांनी पदरचे घातले. एकेका मुलासाठी वेगळा कागद त्यांना हातात हवा होता.

नंतर त्या ही यादी घेऊन दफनभूमीच्या नोंदी तपासत बसल्या. ट्यूमची मोठी दफनभूमी होमच्या समोरच, रस्त्यापलीकडे आहे. तिथे नावं नाहीत. मुलींची मूळ गावं गॉलवे आणि मेयो या दोन काउंट्यांत, म्हणून तिथल्या दफनभूमीही पाहिल्या. तिथेही जवळजवळ कुणी सापडलं नाही. आता उरले नकाशे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या नकाशावर आवाराच्या एका कोपऱ्यात मैल्याची टाकी दाखवली होती. 1970च्या दशकात घरं बांधताना केलेल्या नकाशावर त्याच जागी हाताने लिहिलं होतं: ‘दफनभूमी’. म्हणजे वसाहत आखताना कुणालातरी माहीत होतं. त्याने पेन घेऊन तसं लिहिलं, घरं आणि मुलांचं खेळण्याचं मैदान त्या जागेच्या आजूबाजूला बसवलं आणि कागद फायलीत गेला.

2012 मध्ये वार्षिकात लेख आला. त्याची फारशी चर्चा झाली नाही. गावातल्या काहींनी कौतुक केलं, काहींनी ओळख दाखवणं कमी केलं. कॉर्लेस यांना तेव्हा हवं होतं ते एवढंच, की त्या जागी 796 नावांची पाटी लागावी. काही गावकऱ्यांनी मिळून त्यासाठी समितीही केली. हा मुद्दा मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे या बाईवर प्रसिद्धीसाठी उकरून काढल्याचे आरोप झाले. मागणी पाटीची होती. पाटीसाठी पैसे जमवता जमवता बातमी बाहेर गेली.

बातमी गावाबाहेर गेल्यावर

मे 2014 मध्ये एका राष्ट्रीय रविवारच्या वृत्तपत्राने ती पहिल्या पानावर छापली आणि मग जगभर पोचली. ‘सेप्टिक टँकमध्ये 800 मुलं फेकली’ असे मथळे आले. कॉर्लेस यांनी ‘फेकली’ हा शब्द कधी वापरला नव्हता. मुलांचा बाप्तिस्मा झाला नव्हता असंही काहींनी छापलं आणि एका मोठ्या वृत्तसंस्थेला त्याची दुरुस्ती द्यावी लागली. या घाईचा फटका उलटा बसला. बातमीतल्या चुका दाखवून सगळं प्रकरणच बनाव आहे, असं म्हणायला लोक मोकळे झाले. नन्सच्या संस्थेच्या वतीने प्रसिद्धीचं काम पाहणाऱ्या व्यक्तीने एका पत्रकाराला कळवलं की इथे सामूहिक दफन वगैरे काही सापडणार नाही, निघाली ती दुष्काळातली हाडं. तीन वर्षं कॉर्लेस यांच्याकडे दाखले आणि नकाशे होते, पण जमिनीतला पुरावा नव्हता.

फेब्रुवारी 2015 मध्ये न्यायाधीश इव्हॉन मर्फी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. आयोगाने 2016च्या अखेरीस आणि 2017च्या सुरुवातीला जागा थोडी खणून पाहिली. 3 मार्च 2017ला निवेदन आलं: जमिनीखाली 20 कप्प्यांची एक रचना सापडली आहे, त्यांपैकी निदान 17 कप्प्यांत मानवी अवशेष मोठ्या प्रमाणात आहेत. वय 35 आठवड्यांच्या गर्भापासून दोन-तीन वर्षांपर्यंत. काळ होमचाच. दुष्काळाचा खुलासा तिथे कायमचा संपला.

आयोगाच्या 2019च्या अंतरिम अहवालातलं एक निरीक्षण मला या सगळ्या प्रकरणाचा कणा वाटतं. दफनाच्या व्यवस्थेबद्दल अधिक माहिती असलेले लोक ट्यूममध्ये आणि आसपास नक्की असणार, पण ते पुढे आले नाहीत, असं आयोगाने नोंदवलं. याचा व्यवहारातला अर्थ पाहा. 1950च्या दशकात वर्षाला अनेक लहान देह इमारतीतून बाहेर येत होते. कुणीतरी ते उचलले. कुणीतरी झाकण काढलं आणि परत लावलं. इमारत काउंटीच्या मालकीची होती, तिची देखभाल होत होती, तिथे माणसं येत-जात होती. होमच्या भिंती उंच होत्या, पण दूध, पाव, कोळसा भिंतीवरून जात नाही. आपल्याकडे ‘गाव करील ते राव काय करील’ म्हणतात ते गावाच्या ताकदीबद्दल. गप्प बसण्यातही गावाची ताकद तेवढीच असते, आणि ट्यूममध्ये ती 2014 नंतरही टिकली.

अंतिम अहवाल 12 जानेवारी 2021ला आला. ट्यूमसह देशातल्या 18 संस्थांमध्ये साधारण 9000 मुलं मेली होती, म्हणजे तिथे असलेल्या मुलांपैकी जवळपास 15 टक्के. दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान मिहॉल मार्टिन यांनी संसदेत माफी मागितली. समाज म्हणून आपणच हे आपल्या लोकांशी केलं, असा त्यांच्या बोलण्याचा सूर होता. होममधून जिवंत बाहेर पडलेल्या कित्येकांना नेमका तो सूर टोचला. सगळ्या समाजाने केलं म्हटलं की सही करणारा अधिकारी, दार उघडणारी नन आणि मुलीला गाडीतून आणून सोडणारा पाद्री हे सगळे गर्दीत मिसळून जातात. मला त्यांचं म्हणणं पटतं. समाजाचा दोष होताच. पण त्या समाजात काहींच्या हातात किल्ल्या होत्या आणि काही आत बंद होत्या, आणि दोघांचा हिशोब एकाच वहीत मांडता येत नाही.

भरीस भर म्हणून आयोगापुढे गोपनीयपणे बोललेल्या 550 जणांच्या साक्षींची ध्वनिमुद्रणं पुसून टाकल्याचं उघड झालं. नंतर ती राखीव प्रतींतून परत मिळवली गेली. ज्यांनी साठ-सत्तर वर्षांनी पहिल्यांदा तोंड उघडलं होतं त्यांना मधले काही आठवडे काय वाटलं असेल, ते मला शब्दांत धरता येत नाही.

खणायचं की नाही

इथे गाव खरोखरच दुभंगलं होतं, आणि दोन्ही बाजूंना वजन होतं. त्या वसाहतीत राहणाऱ्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी त्या हिरवळीवर उघडते. त्यांची मुलं शेजारच्या मैदानावर झोके घेतात. दोन वर्षं दाराशी यंत्रं, पहारा आणि परदेशी कॅमेरे कुणाला हवे असतात? शिवाय ज्यांनी ती जागा मनापासून जपली होती त्यांना खणणं म्हणजे विटंबना वाटत होती. स्मारक करा, नावं कोरा, झोपलेल्यांना झोपू द्या, असं त्यांचं म्हणणं.

दुसऱ्या बाजूला नातेवाईक. कुणाला पन्नाशी-साठी उलटल्यावर कळलं होतं की आपल्याआधी आईला होममध्ये मूल झालं होतं. काहींच्या बाबतीत होमच्या वहीत मृत्यूची नोंद आहे, पण सरकारी दाखला नाही. मग ते मूल मेलं की दुसऱ्या नावाने अमेरिकेला गेलं? स्मारकाच्या दगडावर नाव कोरून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. तांत्रिक तज्ज्ञांनी सरकारपुढे पाच पर्याय ठेवले होते, नुसत्या स्मारकापासून संपूर्ण आवार खणण्यापर्यंत. मूठभर पांढऱ्या हाडांवर एवढा खर्च कशाला, असंही काही बोललं गेलं. त्याला एकच उत्तर पुरे आहे: ट्यूममधलं आपलं काम आवरून निघताना बॉन सकूर्स संस्थेने आपल्या 12 मृत नन्सचे अवशेष सन्मानाने उकरून मेयोतल्या नॉक या तीर्थस्थळी नेऊन पुन्हा दफन केले होते. कुणाची हाडं कुठे आहेत हे महत्त्वाचं असतं, याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती.

ऑक्टोबर 2018 मध्ये सरकारने फोरेन्सिक पद्धतीने खणून अवशेष बाहेर काढण्याचा निर्णय घेतला. तेव्हा पंतप्रधान होते लिओ वराडकर. त्यांचे वडील डॉ. अशोक वराडकर सिंधुदुर्गातल्या मालवण तालुक्यातल्या वराडचे, आणि डिसेंबर 2019 मध्ये लिओ वराडच्या घरी येऊन गेले, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांनी ‘कोकणचा नातू’ म्हणून पानं भरली. त्यांच्या कारकिर्दीतला ट्यूमचा निर्णय मात्र त्या पानांत क्वचितच दिसला, म्हणून इथे नोंदवतो. ऑगस्ट 2018 मध्ये पोप फ्रान्सिस डब्लिनला आले असताना त्यांच्या समोर भाषण करताना वराडकर यांनी मदर अँड बेबी होम्सचं नाव घेतलं आणि हे डाग शासनावर, समाजावर आणि चर्चवर आहेत असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी डब्लिनमध्ये पोपचा मास, म्हणजे सामूहिक प्रार्थनाविधी, चालू असतानाच ट्यूममध्ये लोक त्या जागेवर जमले आणि 796 नावं एकेक करून मोठ्याने वाचली गेली.

निर्णय झाला तरी कायदा नव्हता. तो 2022 मध्ये झाला. त्यानुसार 2023 मध्ये डॅनिएल मॅकस्वीनी यांची संचालक म्हणून नेमणूक झाली, आधी ते आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसमध्ये काम करत होते. बॉन सकूर्स संस्थेने खर्चासाठी 25 लाख युरो दिले. जून 2025 मध्ये जागेभोवती 2.4 मीटर उंचीचा पत्र्याचा आडोसा उभा राहिला आणि 14 जुलै 2025ला खणायला सुरुवात झाली. साधारण दोन वर्षं लागतील असा अंदाज देण्यात आला.

हे काम हाताने, इंचाइंचाने करावं लागतं. महिन्या-दोन महिन्यांच्या बाळाची हाडं बोटाच्या पेरापेक्षा बारीक असतात. कप्प्यांत ती एकमेकांत मिसळलेली आहेत आणि पाणी त्यांच्यावरून वाहून गेलं आहे. एक मूल दुसऱ्यापासून वेगळं करायचं, मग हाडात पुरता डीएनए उरला असला तर तो जिवंत नातेवाइकाशी जुळवायचा. लहान बाळाच्या हाडांवरून मुलगा की मुलगी हेही नुसतं पाहून सांगता येत नाही. सगळ्यांना नाव परत मिळेल असं या कामातला कुणीही जबाबदार माणूस म्हणत नाही.

जुळवायला नमुना लागतो आणि नमुना देणारे थकत चालले आहेत. होममध्ये जन्मलेल्यांच्या सख्ख्या भावंडांत आता सत्तरी-ऐंशीतली माणसं आहेत. त्यामुळे वयाने आणि आजाराने ज्यांच्याकडे वेळ कमी आहे त्यांचे नमुने आधी घ्यायचं ठरलं. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, नळीत ठेवायची, झाकण लावायचं, वर चिठ्ठी चिकटवायची. त्या चिठ्ठीवर नमुना देणाऱ्याचं नाव येतं. ज्या भावंडासाठी तो दिला, त्याचं काहींना आईने सांगितलेलं नाव ठाऊक आहे, तर काहींना ते कॉर्लेस यांनी चार-चार युरो मोजून मिळवलेल्या दाखल्यांतूनच पहिल्यांदा कळलं.